सेहतूतची खानेसुमारी

सेहतूत म्हणजे तीन तुती.
एक विजेच्या खांबाला आडवी आली म्हणून पाडली,
एक उभ्या उभ्या वाळली,
तिसरी आहे, पण ती हद्दीपलीकडे.
अर्जात तालुक्याचं नाव विचारलं होतं, झाडांचं नाही.
मी नाव लिहिलं.

उत्तरेला मिठाचं मैदान.
दक्षिणेला डोंगर, त्याला इथले लोक नुसतं 'पाठ' म्हणतात.
पूर्वेकडून वारा येतो, चार महिने, न विचारता.
पश्चिमेची हद्द नकाशात सरळ रेघ आहे;
जमिनीवर ती नौरोझअलीच्या गोठ्यातून जाते.
शेळ्या ह्या तालुक्यात, गव्हाण त्या.

गावं एकोणीस.
बारांपर्यंत मोटारसायकल गेली,
चारांपर्यंत नौरोझअलीचं गाढव,
उरलेली तीन लोकांनी बोट करून दाखवली.
कलाते-नमकमध्ये एका दाराला कुलूप नव्हतं.
दारंच नव्हती.
माणसं शहरात गेली, मागोमाग लाकूडही.

"घरात माणसं किती?"
गोलअंदाम म्हणाली, "आत्ताची सांगू, की नवरोजची?"
आत्ताची दोन. नवरोजची सतरा,
त्यातली पाच वीटभट्टीवर, मशहदजवळ कुठेतरी,
एक असा, की ज्याचा फोन लागत नाही.
"जेवायला नसले म्हणून काय, मोजायला आहेत."
मी दोन लिहिले.
तिने माझ्या चहात साखर घातली नाही.

गझदारला पोचलो तेव्हा उजाडत होतं
आणि सगळं गाव केशराच्या वाफ्यांत वाकलेलं.
ऊन चढायच्या आत फुलं खुडायची,
त्यामुळे कोणी मान वर करीना.
शिरगणती करायची, आणि शिरं जमिनीकडे!
मग मी टोपल्या मोजल्या.
एकेचाळीस.
एक फार लहान होती. वय, सात.

बाग-ए-कबूद शेवटचं. घरं दोन.
तीनपेक्षा कमी घरं असली
तर अहवालात आकडा छापत नाहीत,
त्या जागी चांदणी टाकतात,
कोण ते ओळखू येऊ नये म्हणून.
मी हे तूबाला समजावून सांगितलं.
ती म्हणाली, "ओळखायला तरी येऊ दे की कोणी."

"नवरा?"
तिने जमिनीकडे बोट केलं. "खाली."
मी पेन मिटलं, दोन शब्द बोलायचे ते बोललो.
ती इतकी हसली की पदर दातांत धरावा लागला.
"अहो, गाळ काढतोय!"

कारेझची तोंडं मुंग्यांच्या वारुळांसारखी
पार डोंगरापर्यंत, एका ओळीत.
आठव्या तोंडाशी रहाट होता, दोर ताणलेला.
आत वाकून पाहिलं:
खूप खोल एक दिवा, आणि पांढरे कपडे.
ते पांढरेच घालून उतरतात,
वर येणं झालं नाही तर कफनाचा खर्च नको.

मी खाली ओरडून विचारलं. नाव?
इस्फंदियार.
वय? सदुसष्ट.
शिक्षण? यावर नुसता पाण्याचा आवाज.
राहण्याचं ठिकाण?
बराच वेळ काही नाही. मग,
"तुम्ही कुठल्या तालुक्यात उभे आहात?"
"सेहतूत."
"मग मी पलीकडच्या. बोगदा इथून बत्तीस हात
डोंगराकडे गेलाय."

नियमाप्रमाणे माणूस त्या घटकेला जिथे असेल तिथला.
तूबा म्हणाली, "रात्री जेवतो इथे."
मी त्याला सेहतूतचा केला.
एकूण एक हजार चारशे सहा,
त्यातला एक जमिनीखाली, हद्दीबाहेर, चांदणीत.

बादली वर आली. गाळ होता.
तिने ओतली, परत सोडली.
माझा एकच प्रश्न राहिला होता:
पाणी कुठून मिळतं?
चौकटी तीन. नळ. विहीर. टँकर.
मी समासात लिहिलं, इस्फंदियार.
नाव लांब. समास अरुंद.
शेवटची दोन अक्षरं
पुढच्या गावाच्या रकान्यात गेली.