देठवाली एक, देठवाली दोन

नंदुरबारच्या बाहेर, पथारीवर,
फेब्रुवारीत जमीन दिसत नाही, नुसतं लाल.
रिक्षा थांबायच्या आधीच ठसका लागतो.
शेवंती वसावेची वही माझ्याकडे राहिली होती,
ती द्यायला आलो, एवढंच निमित्त.

आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलं होतं:
यादी घ्या. प्रत्येकावर एकच काम करा. नवी यादी मिळेल.
कामाला नाव द्यायची गरज नाही,
जागच्या जागी लिहा, वापरा, विसरा.
चाळीस जणांनी माना हलवल्या,
चाळीस मानांवर एकच फंक्शन चालवल्यासारख्या.
शेवंती तेवढी म्हणाली,
सर, हे तर आमच्याकडे रोज चालतं.

चालतं ते इथे.
गोणपाटावर एक बाई. मिरची येते, देठ जातो.
मिरची येते, देठ जातो.
पलीकडची फटकी वेचते:
पांढरी पडली का? हो, बाजूला. नाही, पुढे.
मिरचीला ती बदलत नाही, फक्त ठरवते.
काट्यापाशी मुनीम.
सकाळी त्याच्या मनात शून्य असतं,
त्यात तो एकेक पाटी मिळवत जातो,
दिवस मावळताना अख्खी पथारी
एका आकड्यात मावते.

आणि गोदामातल्या गोण्या?
ट्रक आल्याशिवाय त्यांना कुणी हात लावत नाही, सर.
तुम्ही आळशी यादी म्हणाला होता ना, तीच.

मला बरं वाटलं. मास्तराला वाटतं तसं.

मग ती म्हणाली, एकच जमत नाही.
शुद्ध फंक्शन बाहेरचं काही बिघडवत नाही म्हणालात.
आई घरी आल्यावर डोळ्याला हात लावत नाही.
धाकट्याला घास मी भरवते.

मुनिमाच्या वहीत डोकावलो.
देठवाली एक. देठवाली दोन. फटकीवाली.
अकरा ओळी, अकरा वजनं.
कोडमध्ये हे सुंदर दिसतं,
मीच तसं म्हटलं होतं, खडू हातात, पंख्याखाली.

निघताना तिने विचारलं,
बिननावाच्या फंक्शनला
स्वतःलाच परत बोलवायचं असलं तर?
म्हटलं, सरळ नाही येत बोलवता.
कुणीतरी आत नाव नेऊन द्यावं लागतं.
युक्त्या आहेत. पुढच्या सत्रात.

तेवढ्यात मुनीम ओरडला,
ओ देठवाली, आठे ये वं!
सात माना वर झाल्या.
त्याने बोट दाखवलं, सहा खाली गेल्या.

शेवंतीने हाक मारली, याहा!
हेही काही नाव नव्हे,
तिथल्या निम्म्याजणी कुणाच्या तरी याहा असतील.
लाल धुरळ्यात एकच मान वर आली.

वही माझ्याच हातात राहिली.
रिक्षात बसलो तेव्हा ध्यानात आलं,
आणि मग शिंका, वळणापर्यंत,
मोजल्या नाहीत.