अध्यक्षांचा मानस

‘येत्या वर्षी बांध पक्का करण्याचा अध्यक्षांचा मानस आहे.’
कूळ संघाच्या अहवालात हे वाक्य
मी नऊ वर्षं लिहितो आहे.
साल तेवढं बदलतो.
एकदा तेही बदलायचं राहिलं,
कुणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्या आडपईच्या खाजनात मानस म्हणजे वेगळंच काही:
जुवारीच्या अंगाला बसवलेलं लाकडी दार.
भरतीला आपसूक मिटतं, सुकतीला उघडतं.
त्याला घोषणा लागत नाही, हार लागत नाही.
लागतात दोन-तीन धड फळ्या, थोडं डांबर,
आणि अमावास्येच्या रात्री कंदील घेऊन तिथवर जाणारा
एक माणूस.

तो माणूस पेद्रू कुलासो.
चतुर्थीपासून त्याचा पगार थकला.
आता मडगावात एका इमारतीच्या फाटकावर बसतो.
म्हणतो, दारच राखतो रे अजून,
पण ह्या दारातून पाणी येत नाही.

आणि अध्यक्ष पुन्हा उभे आहेत.
तुळशीदासबाब मुळवी.
घरोघर जातात, सोप्यावर बसतात,
कुवेतच्या पोराची चौकशी करतात, नावानिशी.
कुणाकडे बिनसाखरेचा चहा मागायचा, कुणाकडे नुसतं पाणी,
सगळं पाठ.
हे ढोंग नाही, मी सांगतो.
माझ्या आईला मध्यरात्री बांबोळीला न्यायला
गाडी त्यांचीच आली होती.
त्या गाडीचं व्याज
मी अजून वाक्यांनी फेडतो आहे.

पत्रकावर छापलंय: ‘संकटात उभा राहणारा नेता.’
उभे होते, खोटं कशाला बोलू?
बांध फुटला त्या सकाळी
दुसऱ्याचे गमबूट घालून
भगदाडाच्या काठावर उभे होते,
फोटो निघेपर्यंत.
मागे खारं पाणी कोरगुटाच्या रोपांतून
एखाद्या घरच्या माणसासारखं चाललं होतं.

कुर्लीचं बीळ एवढंसं असतं,
अंगठा जाईल इतकं.
ते बुजवताना कुणी फोटो काढत नाही.
म्हणून मानशीच्या पावणीचे पैसे
कचेरीच्या टाइल्सना गेले.
सुंदर आहेत टाइल्स.
पाणी कचेरीत शिरलं तेव्हा
तळ स्वच्छ दिसत होता.

समोरचा उमेदवार रोहिदास.
तो म्हणतो, पाणी आलंच आहे तर कोळंबी सोडूया,
भात कोण खातो आता घरचा?
निदान तो मनातलं बोलतो.
मला त्याचीच जास्त भीती वाटते.

सभा रविवारी. अहवाल मी वाचायचा.
काल रात्री विजेरी घेऊन मानशीकडे गेलो,
नऊ वर्षांत पहिल्यांदा.
भरती चढत होती.
दार मिटलं, चार बोटं अलीकडे थांबलं,
आणि त्या चार बोटांतून नदी आत येऊ लागली.
घाई नव्हती तिला,
सभेची वेळ ठाऊक असल्यासारखी.
पेद्रूचा कंदील खुंटीला तसाच होता,
काच तडकलेली, आत मुंग्या.

घरी येऊन पान काढलं.
‘येत्या वर्षी’ खोडलं.
‘बांध पक्का करण्याचा’ खोडलं.
‘अध्यक्षांचा’ खोडताना हात थांबला,
आई आत खोकली.
मग तेही खोडलं.
उरलं ‘मानस आहे’.
तेही पुरतं खरं नव्हतं.
नवं पान घेतलं, स्वच्छ अक्षरात लिहिलं:
‘मानस गळतो आहे.
फळ्यांचा खर्च फार नाही. पेद्रूचा पगार द्यावा.’

उद्या ह्यावर अध्यक्षांची सही लागेल.
ते कधी वाचून सही करत नाहीत.
नऊ वर्षं ह्याच गोष्टीचा मला राग होता.
आज तेवढ्याच एका गोष्टीवर
माझा भरवसा आहे.