किराण्याची वही

वखारभागात जिथं हळदीचं गोदाम होतं
तिथं आता आवटीबाईंचं संग्रहालय आहे.
तिकीट वीस रुपये. चपला बाहेर.
भिंतींना चार-चार हात पांढरे दिलेत,
तरी दुपार तापली की
चुन्यामागून हळदीचा वास येतोच.

मला चित्रातलं काही कळत नाही.
एक निळी बाई आहे, तिला तोंड नाही.
एकात नुसता घाट, पाणी नसलेला,
कृष्णेला जरा बाजूला उभी राहा म्हटल्यासारखा.
मी हात मागं बांधून फिरतो,
बँकेत साहेबाची वाट बघावी तसा.

मधल्या काचेत त्यांचा चष्मा,
दातांनी चावलेला कुंचला
आणि लाल पुठ्ठ्याची वही.
ही मला ओळखता येते.
साबुदाणा अर्धा. रॉकेल दोन. शेंगतेल पावशेर.
अण्णांचं अक्षर. वेलांटी कायम अर्धवट,
समोर गिऱ्हाईक खोळंबल्यासारखी.
एकोणीसच्या पुरात दुकानाच्या सगळ्या चोपड्या गेल्या,
अण्णा त्याच्या आधीच गेलेले.
मला वाटलेलं, त्यांच्या हातचं आता कुठं काही नाही.

सामानाच्या यादीभोवती बाईंनी चितारलंय:
तागडीत बसलेलं मांजर,
पोत्यावर पेंगणारे अण्णा,
बनियनचं भोकसुद्धा सोडलेलं नाही.
खाली, बाकी त्र्याऐंशी रुपये चाळीस पैसे.
आणि त्या आकड्यावरून
पानाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलेली
एक जांभळी, जाड, तिरपी रेघ.

शाळेची पोरं घेऊन आलेल्या मॅडम सांगतात,
"बघा, एका दमात ओढलीय.
कुठं हात थरथरला नाही.
इथून पुढं बाईंची रेघच बदलली."
पोरं लिहून घेतात.

ती रेघ अण्णांची आहे.
उधारी सोडून द्यायची ठरली की
पेन्सिल जिभेला लावून ते तशीच मारायचे,
आणि आई तेलाच्या डब्यामागून म्हणायची,
झालं, मारली का?

सांगावं म्हणून मी घसा खाकरला.
पहारेकरी म्हणाला, काका, काचेला हात नको.

दाराशी अभिप्रायाचं रजिस्टर,
दोरीला बांधलेलं पेन.
कुणीतरी लिहिलेलं, अप्रतिम. त्याखाली, अप्रतिम.
त्याखाली दोन ठिपके.
मी नाव घातलं अण्णांचं,
बसाप्पा गुरुलिंग कोरे, सांगली,
आणि पुढच्या रकान्यात:
बाकी काही नाही.