पेठांची हजेरी

मशीनांना पेठांची नावं ओहोळांनी दिली,
स्वतः मात्र राहायचे लोणी काळभोरला.
नोकरी सोडताना चाळीस अक्षरांचं टोकन
बसच्या तिकिटामागे लिहून दिलं
आणि म्हणाले, पडद्यावरच्या हिरव्यावर जाऊ नकोस,
स्वतः विचारत जा.

म्हणून आज रात्री खराडीत, आठव्या मजल्यावर,
मी पायथनच्या बावीस ओळी लिहिल्या.
तेविसावी मोकळी. सवय.

देखरेखीच्या दारात आधी टोकन दाखवायचं,
मग एकेकाचं नाव घेऊन विचारायचं: आहे का?
उत्तर येतं महिरपी कंसांत,
स्वल्पविराम सांभाळत.

कसबा आहे.
शुक्रवार आहे, डिस्क एक्क्याण्णव टक्के.
नाना दोन सेकंद उशिरा, पण आहे.
सदाशिव म्हणतं चारशे तीन,
म्हणजे आहे, पण तुमच्यासाठी नाही.
भवानी नाही. भवानीचं माहीत होतं.
घोरपडे आहे. दोनशे. सगळं ठीक.

कप ओठांशीच थांबला.
घोरपडे तर मीच भंगारात दिलं होतं, मागच्या मार्चमध्ये.
टेम्पोवाल्या इरफानभाईंनी पावतीवर लिहिलेलं:
एक डबा, जड.

पत्ता तपासला. आकडे तेच, शेवटचा सत्तावीस.
तिथे आता कोण राहतं
ते नेटवर्कच्या वैजनाथला झोपेतून उठवून,
दोन शिव्या खाऊन कळलं:
तळमजल्यावरचं अंगठ्याचं यंत्र.

म्हणजे चौदा महिने
दर मिनिटाला कुणीतरी विचारतंय, आहेस का?
आणि ते भिंतीवरून निमूट सांगतंय, आहे.
खोटं नाही बोललेलं.
नाव कुणी विचारलंच नव्हतं.

तेविसावी ओळ भरली: आहेस, पण कोण?
साडेचारला चालवली. घोरपडे लाल झालं.
उगाचच हात धुवावेसे वाटले,
धुतलेही.

सहाला, मुंढव्याकडून पहिली बस यायच्या आधी,
खाली उतरले. अंगठा टेकवला.
यंत्र जरा विचारात पडलं,
मग त्यातली बाई म्हणाली,
ओळख पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा.

मी अंगठा ओढणीला पुसला.