रकाना सात

अर्जात नऊ रकाने. सहा भरले.
सातव्यात विचारलंय, बैठकीची आवश्यकता काय?
शब्दमर्यादा दीडशे.
विश्रामबागेतल्या खोलीत पंखा टकटक करतो.
मी लिहितो, खोडतो.

आवश्यकता अशी, की रुनुमी तेजपूरला असते
आणि चार वर्षं माझ्या चुका दुरुस्त करते
रात्री दोन वाजता, कुणी न सांगता.
तिचा आवाज मी ऐकलेला नाही.
पाणी जमिनीत किती वेगानं मुरतं
याचं गणित करणारा आमचा प्रोग्राम
अकरा जणांनी लिहिला,
आणि हे अकरा एका छताखाली
कधी एकत्र जेवलेले नाहीत.

हे दीडशे शब्दांत बसतं,
अर्जात बसत नाही.

कारखान्यात साहेब म्हणाले,
फुकट वाटता ना? मग पैसे कशाला लागतात?
म्हटलं, फुकट नाही साहेब, मोकळं.
त्यांनी चहा मागवला.
चहा आला, विषय गेला.
बँकेत विचारलं, बॅनरवर आमचं नाव किती फुटी?
शमानं हवेत हात पसरून चार फूट दाखवले.
मार्च उलटू दे, बघू, म्हणाले.
तेव्हा एप्रिलचा दुसरा आठवडा चालू होता.

मग मार्केट यार्ड.
भूपाल मगदूम, अडत दुकान, वय चौऱ्याहत्तर.
पोत्यांच्या थप्पीला टेकून त्यांनी सगळं ऐकलं.
उघडा प्रोग्राम म्हणजे कसा रे?
म्हणजे आतलं गणित कुणीही वाचावं,
चूक दिसली तर सुधारावी,
हवं तर घरी न्यावं.
आणि धंदा?
धंदा नाही.
म्हातारा पोट धरून हसला.
आम्ही जन्मभर रुमालाखाली भाव केला,
बोटाला बोट, शेजारच्याला पत्ता नाही.
तुम्ही रुमालच फेकून दिलात की!

हसू ओसरल्यावर म्हणाले,
पाणी जमिनीत कसं शिरतं, ते कळतं म्हणतोस?
कळतं. थोडंफार. चुकतंही.

हरिपूरला पेवं होती आमची. सात.
पुरात आम्ही तोंडाशी वाळूची पोती रचत बसलो,
आणि ती बया खालून आली.
पेव उघडलं तर हळद कशी,
परातीत मळून ठेवलेल्या कणकेसारखी.

शमानं लॅपटॉप पोत्यावर ठेवला.
हरिपूरच्या मातीचे आकडे होते तिच्याकडे.
निळा रंग खालून वर चढू लागला, सावकाश,
मुंग्या चढतात तसा.
त्यांनी काचेवर बोट टेकवलं.
इथं. इथंच होतं चौथं.

मग खांद्यावरचा रुमाल काढून
माझ्या हातावर टाकला.
खाली त्यांची खरखरीत बोटं.
दोन दाबली, सोडली, मग सबंध पंजा.
मला ती भाषा येत नव्हती.
मुनीम कानाशी येऊन म्हणाला, पंचवीस हजार.

मी म्हटलं, काका, आमची वही उघडी असते.
कुणी किती दिले, सगळ्यांना दिसतं.
बराच वेळ त्यांनी रुमालाची घडी घातली,
मोडली, पुन्हा घातली.
माझं नाव नको.
लिही, हरिपूर, पेव नंबर चार.

अजून एक लाख दहा हजार कमी आहेत.
तेजपूरचं तिकीट वेटिंगवर, सत्तेचाळीस.
रकाना सात कोराच,
त्यावर पिवळ्या अंगठ्याचा एक डाग, माझाच असणार.

दोन वाजून दहा मिनिटांनी रुनुमीचा निरोप:
हरिपूरच्या मातीचा एक आकडा चुकलाय,
चौथ्या खड्ड्यापाशी.
पाणी तिथं आपण दाखवतो त्याच्या
सहा तास आधी पोचलं असणार.
दुरुस्त केलंय.
तिकिटाचं काय झालं?