तळटीप क्रमांक चार

ब्रागांझा मॅडमनी लाल पेनानं विचारलंय:
‘पाणी साडेसात फूट. आधार काय?’

वाळवंटी साखळीच्या बाजारात शिरली त्या रात्री
मी दत्ताराम गावसांच्या दुकानाच्या माळ्यावर होते.
सकाळी चिखल कॅलेंडराच्या खिळ्यापर्यंत.

निबंधात ‘मी’ चालत नाही.
म्हणून लिहिलं:
स्थलांतरास विलंब झाल्याचे आढळते.
कुणाला आढळते?
विलंब म्हणजे मागच्या गोठ्यातली गाय,
तिचं दावं सुटेना,
आणि गावस पुन्हा पाण्यात उतरले.

प्रात्यक्षिकाला शिट्टी, दोर, स्ट्रेचर.
गाठ आता मला डोळे मिटून मारता येते.
सोडवताही.

तळटीप क्रमांक चार:
खिळा. अजून भिंतीत आहे.
दुकान आता सून चालवते,
मंगळवारी बंद.