नववी मात्रा

वजनकाट्यावर चढताना मी भिंतीकडे बघतो.
आकडा कालिंदी वाचते, मोठ्यानं,
बँकेत टोकन पुकारावं तसा.
आज मात्र तिनं काटा पलंगाखाली सरकवलाय
आणि माझी वही वरच्या फळीवर, तांदळाच्या डब्यामागे.
“रविवार,” एवढंच म्हणाली.

शहाण्णव किलोंपासून सुरू झालं हे.
नाही, त्याच्याही आधी.
दिवाळीत, लश्करातल्या एका घरगुती बैठकीत,
विलंबित चालू असताना
पोट आणि बाया यांच्यात जागाच उरली नाही.
घिस्सा घ्यायला मनगट पुढे नेलं,
तर आधी सदरा, मग मी, मग कुठे कातडं.
गाणारीनं वळून बघितलं नाही.
बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मोजतो.
फुलका सत्तर. पातळ वरण नव्वद.
शेंगदाणे अकरा,
बारावा बोटांतून परत बरणीत.
मोजणं मला नवं नाही,
तीस वर्षं पोरांना हातावर टाळी देत मोजायला शिकवतोय.
पण तिथे सोळानंतर पुन्हा एक येतो.
इथे समच येत नाही.
आकडे नुसते चढत राहतात रात्री दहापर्यंत,
आणि चौदाशेच्या अलीकडे कुठेतरी
वहीवर हात ठेवून झोपायचं,
हिशेब जुळलेल्या उपाशी कारकुनासारखं.

भाची मुग्धा, हेच शिकलेली, फोनवर म्हणाली,
“मामा, पंधरा दिवसांतून एकदा वही मिटत जा.”
म्हटलं, सवय मोडेल.
“सवय कुठली, तुम्हाला धाक बसलाय.”

तर आज मिटली.
कानटोपी घालून निघालो. धुकं इतकं
की दाल बाजाराचा वास आधी आला, बाजार नंतर.
रामसनेहीच्या दुकानामागे गजक कुटणं चालू होतं.
खुंटीवरून ओढून ओढून पांढरा केलेला गूळ,
तीळ, आणि दोन पोरं समोरासमोर,
लाकडी हातोडे, आळीपाळीनं,
छान मध्यलय.
मी उभाच राहिलो.
मग त्यातल्या एकानं हातोडा वरच धरला
आणि गार पडलेल्या बोटांवर फुंकर मारली.
ठोका पडला नाही.
पण त्याची जागा पडली, नेमकी,
आणि दुसऱ्यानं ती जागा सोडून पुढचा दिला.

परवाच शिरीष, अकरा वर्षांचा, विचारत होता,
खालीला टाळी नाही वाजवायची
तर गुरुजी, ती मोजायची कशाला?
मी त्याला पुस्तकातलं काहीतरी सांगितलं होतं.

“गुरुजी, बहुत दिन बाद!”
पाव किलो तोलून झाल्यावर
रामसनेहीनं वर एक तुकडा टाकला.
ताजवा एका बाजूला झुकला.
त्यानं तिकडे बघितलंही नाही.

पहिला तुकडा तिथेच. जिभेवर कुरकुर,
मग पापुद्रे सुटत गेले,
आणि डोकं, काय करणार, म्हणालंच: साठ.
दुसऱ्याला: एकशेवीस.
तिसऱ्याला मागून सायकलवाला ओरडला, मी बाजूला झालो
आणि आकडा कुठे सांडला, कळलं नाही.
चौथा चालत चालत.
पाचवा कालिंदीसाठी ठेवला होता.
घरापर्यंत टिकले ते तीन.

दुपारी भरलं वांगं, भाकरी, वर लोणी.
पाट ओढून रियाजाला बसलो,
पोट होतं तिथेच होतं,
बाया जरा लांब,
तरी हात पोचला,
नवव्या मात्रेला मोकळा उघडला,
तिं तिं ता.

सोमवारी कालिंदीनं आकडा वाचला:
चारशे ग्रॅम जास्त. तोच टोकनचा आवाज.
वही खाली आली.
रविवारच्या तारखेखाली मी शून्य काढलं,
लहानसं, नोटेशनमध्ये खालीखाली काढतात तसं.
तिनं चष्मा वर सरकवला.
“शून्य? आणि माझी गजक कोणी खाल्ली?”